धाव पूर्ण करणे : संत पौलाची शिकवण



दरवर्षी २९ जून रोजी आपण संत पेत्र आणि संत पौल यांचा सण साजरा करतो. त्या दिवशीच्या मिस्साबलिदानातील दुसरे वाचन तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायातून घेतलेले असते. पौल तुरुंगात आहे. मरण जवळ आल्याची जाणीव त्याला झालेली आहे. अशा वेळी माणूस आयुष्याचा हिशेब मांडतो. पौलही मांडतो, पण किती गावे फिरलो, किती लोकांना बाप्तिस्मा दिला, किती ख्रिस्तसभा स्थापन केल्या, याची यादी तो देत नाही. आपण धाव पूर्ण केली आणि विश्वास राखला, एवढेच तो सांगतो.

प्रेषिताने खेळाडूची भाषा का वापरावी? आणि त्या भाषेतून आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनी काय शिकावे? या लेखात आपण यावर थोडा अभ्यास करू या. विषय केवळ पुस्तकी नाही. दृढीकरण संस्काराच्या दिवशी पहिल्या बाकावर बसलेली मुले काही वर्षांनी देवळात दिसेनाशी होतात. लग्नाच्या वेदीसमोर दिलेला शब्द दहा-पंधरा वर्षांनी जड वाटू लागतो. सुरुवात आपल्या सर्वांचीच छान होते. प्रश्न शेवटपर्यंत टिकण्याचा आहे.

करिंथजवळचे मैदान

ग्रीस देशातील करिंथ शहरात पौल दीड वर्ष राहिला (प्रे. कृ. १८:११). हा काळ साधारण इ. स. ५० ते ५२ असा मानला जातो. तो तेथे अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवण्याचा धंदा करत असे. करिंथपासून काही मैलांवर इस्थमिया नावाचे ठिकाण होते. तेथे दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत आणि दूरदूरचे लोक ते पाहायला येत. धावणे, कुस्ती, मुष्टियुद्ध, रथांच्या शर्यती, असे अनेक प्रकार होते. धावण्याची मूळ शर्यत एका ‘स्टेडियम’ची, म्हणजे सुमारे १८० ते १९० मीटरची असे. आजचा स्टेडियम हा शब्द त्यातूनच आला.

इस्थमियाच्या विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. कधी पाइन वृक्षाच्या पानांचा, कधी सेलरीसारख्या भाजीच्या सुकलेल्या पानांचा. त्या मुकुटासाठी खेळाडू महिनोन्‌महिने कष्ट घेत. ऑलिंपियाच्या खेळांत भाग घेणाऱ्यांना तर आपण दहा महिने नियमाने सराव केला आहे, अशी शपथ घ्यावी लागे. करिंथच्या लोकांनी हे सारे डोळ्यांनी पाहिलेले होते. म्हणून पौल त्यांना लिहितो त्याचा आशय असा : चार दिवसांत सुकणाऱ्या मुकुटासाठी खेळाडू सगळ्या बाबतींत संयम पाळतात, आपल्यापुढचा मुकुट तर कधीच न सुकणारा आहे (१ करिंथ ९:२४-२७). त्याच उताऱ्याच्या शेवटी तो स्वतःबद्दलची भीतीही बोलून दाखवतो. दुसऱ्यांना उपदेश करून आपण स्वतःच स्पर्धेतून बाद होऊ नये, याची त्याला काळजी आहे. हे वचन आम्हा धर्मगुरूंना आणि धर्मशिक्षण देणाऱ्या सर्वांना विशेष लागू पडते.

सराव : रोजच्या छोट्या गोष्टी

पौलाच्या उपमेतला पहिला धडा सरावाचा आहे. शर्यतीच्या दिवशी अंगात एकाएकी बळ येत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने सद्‌गुणांबद्दल हेच सांगितले. वीणा वाजवून माणूस वादक होतो, घरे बांधून गवंडी होतो, तसा न्यायाने वागून न्यायी होतो. संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार ख्रिस्ती शिकवणुकीत सामावून घेतला. सद्‌गुण म्हणजे अंगवळणी पडलेली चांगली सवय, असे ते मानतात.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घ्यायचे तर पैलवान खाशाबा जाधव यांचे घेता येईल. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळचे गोळेश्वर हे त्यांचे गाव. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. लाल मातीत वाढलेल्या या पैलवानाला मॅटवरची कुस्ती नवी होती. ते खचून घरी बसले नाहीत. चार वर्षे त्यांनी मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. हेलसिंकीत त्यांची झुंज लोकांना दिसली. तालमीतल्या चार वर्षांच्या जोर-बैठका कोणी पाहिल्या नाहीत.

विश्वासाचेही तसेच आहे. सकाळची दोन मिनिटांची प्रार्थना, संध्याकाळी घरात एकत्र म्हटलेली जपमाळ, रविवारचे मिस्साबलिदान, जेवणाआधी केलेली क्रुसाची खूण, वर्षातून काही वेळा मनापासून घेतलेला प्रायश्चित्त संस्कार, या आपल्या जोर-बैठका आहेत. त्या करताना काही विशेष घडते आहे असे वाटत नाही. पण घरात मोठे आजारपण येते, नोकरी जाते, जवळचे माणूस अचानक निघून जाते, तेव्हा प्रार्थनेचे शब्द नव्याने शिकायला सवड नसते. जे रोज ओठांवर होते तेच त्या दिवशी आधाराला येते.

मधला कठीण टप्पा

गेली अनेक वर्षे वसई-विरारच्या रस्त्यांवर मॅरेथॉन होते. आपल्यापैकी काही तरुण त्यात धावतात, काहीजण रस्त्याकडेला उभे राहून टाळ्या वाजवतात. पूर्ण मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते. धावपटूंना विचारा, सर्वांत कठीण टप्पा कोणता? ते बहुधा तिसाव्या किलोमीटरच्या पुढचा टप्पा सांगतील. तेथे शरीरात साठवलेली साखर संपत येते आणि पाय शिशासारखे जड होतात. धावपटू याला ‘भिंत’ म्हणतात. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो आणि शेवटची रेषा अजून नजरेत आलेली नसते.

विश्वासाच्या वाटेवरही अशी भिंत येते. ती अनेकदा मोठ्या पापातून येत नाही, थकव्यातून येते. अंथरुणाला खिळलेल्या जोडीदाराची वर्षानुवर्षे सेवा करणारी व्यक्ती, दारू सुटावी म्हणून मुलासाठी रोज मेणबत्ती लावणारी आई, कितीही प्रार्थना केली तरी मन कोरडेच राहते असे सांगणारे आपले वयस्कर सभासद, हे सारे त्या तिसाव्या किलोमीटरवर आहेत. त्यांची श्रद्धा कमी पडली असे कोणीही म्हणू नये. वाटेचा तो भागच कठीण आहे.

इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आपली धाव धीराने धावण्याचा बोध आहे. तेथे मूळ ग्रीक शब्द ‘हुपोमोने’ असा आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘खाली टिकून राहणे’, म्हणजे ओझे खांद्यावर असतानाही जागा न सोडणे. त्याच अध्यायात साक्षीदारांच्या मोठ्या मेघाचा उल्लेख येतो. आधीच्या, अकराव्या अध्यायात आब्राहाम, मोशे आणि इतर अनेकांची नावे येऊन गेली आहेत. हेच ते साक्षीदार. ते नुसते प्रेक्षक नाहीत. ते स्वतः ही वाट धावून गेलेले आहेत. संत मोनिका यांची त्या मेघात नक्कीच जागा आहे. भरकटलेल्या मुलासाठी त्यांनी वर्षानुवर्षे अश्रू ढाळले. शेवटी ३८७ सालच्या ईस्टरला मिलान येथे बिशप अँब्रोज यांच्या हातून ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी मोनिका प्रभूकडे गेल्या. ज्या फळासाठी त्या आयुष्यभर थांबल्या, ते त्यांना अगदी अखेरीस पाहायला मिळाले.

शेवटून पहिला

आता एका धावपटूची गोष्ट पाहू. २० ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटी येथे ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तेथे हवा विरळ, त्यामुळे दम लवकर लागतो. ७५ जण धावायला उभे राहिले. त्यांत टांझानिया देशाचा जॉन स्टीफन अखवारी होता. शर्यतीच्या मध्याआधीच धावपटूंच्या गर्दीत तो पडला. गुडघ्याला जबर इजा झाली, खांदाही रस्त्यावर आपटला. त्याने मलमपट्टी करून घेतली आणि तो पुन्हा निघाला.

इथिओपियाचा मामो वोल्डे २ तास २० मिनिटांत पहिला आला. पदके दिली गेली, लोक घरी जाऊ लागले. सूर्य मावळल्यावर, पायाला पट्टी गुंडाळलेला अखवारी लंगडत स्टेडियममध्ये शिरला. त्याला ३ तास २५ मिनिटे लागली. ७५ पैकी ५७ जणांनी शर्यत पूर्ण केली, त्यात तो सत्तावन्नावा. तू थांबला का नाहीस, असे विचारल्यावर त्याने दिलेले उत्तर जगभर सांगितले जाते. आपल्या देशाने आपल्याला पाच हजार मैल दूर शर्यत सुरू करण्यासाठी पाठवले नव्हते, पूर्ण करण्यासाठी पाठवले होते, अशा अर्थाचे ते उत्तर होते.

या उत्तरात ‘पाठवले’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अखवारी स्वतःच्या नावासाठी धावला असता तर सहावा-सातवा क्रमांक हुकल्यावरच त्याला थांबता आले असते. पण त्याला कोणीतरी पाठवले होते. बंधू-भगिनींनो, आपल्यालाही पाठवलेले आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला नाव मिळाले, पांढरे वस्त्र मिळाले, पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेला दिवा मिळाला आणि तो शेवटपर्यंत जळता ठेवण्याचा आदेश मिळाला. मिस्साबलिदानाच्या शेवटी धर्मगुरू दर रविवारी आपल्याला शांतीने जायला सांगतात, तेही पाठवणेच आहे.

टिकणे म्हणजे हट्ट नव्हे

येथे एक खुलासा आवश्यक आहे. चिकाटीच्या नावाखाली काहीही सोसत राहावे, असा अर्थ कोणी काढू नये. संत थॉमस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिया’ या ग्रंथात चिकाटीचा सद्‌गुण दोन दोषांच्या मध्ये ठेवला आहे. एका बाजूला मऊपणा, म्हणजे थोडी अडचण आली की सोडून देणे. दुसऱ्या बाजूला हट्ट, म्हणजे सोडायला हवे तेही धरून बसणे. चांगल्या गोष्टीला योग्य तेवढे धरून राहणे ही चिकाटी.

हे रोजच्या जीवनात महत्त्वाचे आहे. घरात मारहाण सोसणाऱ्या भगिनीला ‘तुझा क्रूस आहे, वाहा’ असे सांगणे ही ख्रिस्ती शिकवण नाही. तिने स्वतःचे आणि मुलांचे रक्षण करावे, मदत मागावी. तिने विश्वास सोडला असे त्यामुळे होत नाही. व्यसनाधीन माणसाने ‘मी माझ्या बळावर सोडीन’ म्हणून उपचार टाळणे हाही हट्ट आहे. प्रभूवरचा विश्वास, प्रार्थना आणि प्रीती या गोष्टी शेवटपर्यंत धरायच्या आहेत. अन्याय शेवटपर्यंत सोसलाच पाहिजे, असे देवाने कोठेही मागितलेले नाही.

उपमा जेथे थांबते

प्रत्येक उपमेला मर्यादा असते. शर्यतीची उपमा दोन ठिकाणी थांबते आणि तेथेच आपल्याला शुभवर्तमान सर्वांत स्पष्ट ऐकू येते.

पहिली मर्यादा : मैदानात मुकुट एकालाच मिळतो. पौलाने तीमथ्याला लिहिताना हे बदलून टाकले. नीतिमत्त्वाचा मुकुट आपल्या एकट्याला नाही, तर प्रभूच्या येण्याची प्रेमाने वाट पाहणाऱ्या सर्वांना मिळेल, असे तो म्हणतो. म्हणजे शेजारचा धावपटू आपला प्रतिस्पर्धी नाही. तो मागे पडला तर आपला फायदा होत नाही. उलट, थांबून त्याला हात देणे हाच आपल्या धावण्याचा भाग आहे.

दुसरी मर्यादा अधिक मोठी आहे. १९९२ साली बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या उपांत्य शर्यतीत ब्रिटनच्या डेरेक रेडमंड याच्या मांडीचा स्नायू मध्येच फाटला. तो खाली बसला, मग उठून एका पायावर लंगडत पुढे निघाला. तेवढ्यात प्रेक्षकांतून त्याचे वडील जिम रेडमंड सुरक्षारक्षकांना बाजूला सारत धावत आले. मुलाने त्यांच्या खांद्यावर डोके ठेवले. उरलेले अंतर बापलेक एकमेकांना धरून चालले. हजारो लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पण बाहेरची मदत घेतल्यामुळे अधिकृत निकालात त्याची शर्यत पूर्ण धरली गेली नाही.

मैदानाचा नियम असा आहे : मदत घेतली की बाद. विश्वासाच्या शर्यतीचा नियम अगदी उलटा आहे : पित्याचा हात नाकारला तर कोणीच पोहोचत नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियसच्या अनुयायांनी असे शिकवले, की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने चांगला राहू शकतो. मोनिकाच्या मुलाने, संत ऑगस्टीन यांनी, त्याला उत्तर दिले. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी चिकाटीच्या दानावर एक पूर्ण ग्रंथ लिहिला. शेवटपर्यंत टिकणे हे देवाचे दान आहे, असे त्यांनी सांगितले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनेही १५४७ साली याला मोठे दान म्हटले. म्हणून ‘मी कधीच पडणार नाही’ अशी फुशारकी आपण मारत नाही. ‘प्रभो, मला धरून ठेव’ अशी रोज विनवणी करतो. जपमाळेतल्या प्रत्येक नमो मरियेत आपण मरणाच्या घटकेसाठी मध्यस्थी मागतो, ती याच दानासाठी.

हे दान आपल्याला संस्कारांतून मिळते. राजे पहिल्या ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात एलिया संदेष्टा थकून झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही. भाकर आणि पाणी देऊन तो सांगतो, उठून खा, वाट लांबची आहे. त्या भाकरीच्या बळावर एलिया चाळीस दिवस चालला. आपल्याला दर रविवारी वेदीवर मिळणारी भाकर त्याहून थोर आहे. मरणाच्या दारात दिल्या जाणाऱ्या पवित्र ख्रिस्तशरीराला ख्रिस्तसभा ‘व्हिआटिकम’ म्हणते. त्याचा अर्थ वाटेची शिदोरी. शेवटचे पाऊलसुद्धा आपण उपाशी टाकू नये, अशी मातेची काळजी त्यात आहे. घरात कोणी गंभीर आजारी असेल तर ‘फादरांना बोलावले तर ते घाबरतील’ असा विचार करून उशीर करू नका. आम्हाला वेळेवर कळवा. रात्रीही कळवा.

जे वाटेत बसले आहेत त्यांच्यासाठी

हे पत्रक घरी गेल्यावर काही अशा हातांत पडेल जे बऱ्याच वर्षांत देवळात आलेले नाहीत. कोणी दुखावले गेले म्हणून, कोणाचे लग्न मोडले म्हणून, कोणाला लाज वाटते म्हणून, कोणी नुसतीच सवय सुटली म्हणून. त्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो : पडल्याने कोणी बाद होत नाही. पेत्र अंगणातल्या शेकोटीपाशी तीनदा पडला आणि त्याच पेत्राच्या हाती प्रभूने आपली मेंढरे सोपवली. अखवारी पडल्यावर पहिल्या जागेसाठी धावत नव्हता, तरी त्याची धाव मोलाची होती. तुमचा वेळ कोणी मोजत नाही. प्रायश्चित्त संस्कार घेऊन किती वर्षे झाली, हे सांगताना अडखळलात तरी चालेल. आणि जे घरात आहेत त्यांना विनंती : परत येणाऱ्याला ‘बरी आठवण झाली!’ असा टोमणा मारू नका. शेजारी बाकावर जागा करून द्या.

या आठवड्यासाठी

कुटुंबात एकत्र बसून पुढील प्रश्नांवर बोलावे :

१. आपल्या घरात रोज टिकून असलेली एक प्रार्थना कोणती? सुटलेली कोणती पुन्हा सुरू करता येईल?
२. आपल्या ओळखीत सध्या ‘भिंती’समोर कोण आहे? या आठवड्यात आपण त्यांच्यासाठी कोणते एक काम करू शकतो : औषध आणणे, तासभर रुग्णाजवळ बसणे, डबा पोहोचवणे?
३. चिकाटी समजून आपण कुठे हट्ट तर धरलेला नाही ना?
४. आपल्या आधी धाव पूर्ण करून गेलेल्या आजी-आजोबांपैकी कोणाचा विश्वास आपल्याला आधार देतो? त्यांची आठवण मुलांना सांगा.

प्रार्थना

हे प्रभो येशू, तू क्रुसाच्या वाटेवर पडलास आणि उठलास. सिमोनाची मदत घ्यायला तू लाजला नाहीस. आमच्या धर्मग्रामातील थकलेल्यांना बळ दे, पडलेल्यांना उठव, पुढे गेलेल्यांना मागे वळून पाहण्याची बुद्धी दे. आमची धाव तुझ्यापाशी पूर्ण होईपर्यंत आमचा हात सोडू नकोस. आमेन.

आपले धर्मगुरू